साल्साचा कारभारी: जॉनी पाचेको

साल्सा, म्हणजे क्यूबन ढंगाचं नाचाचं संगीत, म्हटलं की सेलिया क्रूझ, हेक्टर लावो, विली कोलोन ही नावं आधी निघतात. ही सगळी मंडळी ज्या कंपनीच्या छत्राखाली नावारूपाला आली किंवा नव्याने उजेडात आली, त्या फानिया रेकॉर्ड्सचं संगीत जॉनी पाचेको बघत होता.

पाचेकोचा जन्म १९३५ साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सँतियागोचा. वडील क्लॅरिनेट वाजवायचे, स्वतःचा वाद्यवृंदही चालवायचे. देशात त्रुहियोची हुकूमशाही होती. १९४६ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला आलं, तेव्हा जॉनी अकरा वर्षांचा होता. तो अकॉर्डियन, व्हायोलिन, सॅक्सोफोन, तालवाद्यं सगळं शिकला, पण नाव झालं बासरीवर. १९६० मध्ये त्याने स्वतःचा चारांगा ताफा उभारला. चारांगा म्हणजे बासरी आणि व्हायोलिनवर चालणारा क्यूबन ढंगाचा वाद्यवृंद. आलेग्रे कंपनीने काढलेल्या त्याच्या पहिल्याच रेकॉर्डच्या लाखभर प्रती खपल्या आणि न्यूयॉर्कात पाचांगा नाचाची लाट आली.

याच सुमारास क्यूबाशी अमेरिकेचं बिनसलं. १९६२ च्या व्यापारबंदीनंतर हवानाहून नवं संगीत येणं जवळपास थांबलं. नाचणारे मात्र न्यूयॉर्कच्या ब्राँक्स आणि हार्लेम भागांत होतेच. १९६४ मध्ये पाचेकोने वकील जेरी मासूचीबरोबर फानिया सुरू केली. मासूची आधी पोलिसात होता, आणि पाचेकोच्या घटस्फोटाचं कामही त्यानेच पाहिलं होतं. सुरुवातीला हे दोघे गाडीच्या डिकीत रेकॉर्डी भरून दुकानोदुकानी विकत फिरायचे.

फानियाच्या पहिल्या रेकॉर्डवर पाचेकोने चारांगा सोडून ट्रंपेटचा जुना क्यूबन थाट धरला. पाचेको नवं शोधणारा नव्हता, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो पुष्कळसा खरा आहे. पण त्याचं कसब माणसं जुळवण्यात होतं. कोवळ्या विली कोलोनला त्याने गायक म्हणून लावोचं नाव सुचवलं. १९७४ मध्ये सेलियाबरोबर त्याने रेकॉर्ड केली, आणि मधल्या काळात मागे पडलेली ही क्यूबन गायिका नव्या पिढीच्या कानी पोचली. लावोच्या तोंडी गाजलेलं 'मी हेंते' हे गाणं पाचेकोचंच.

कंपनीचे सगळे गडी एकत्र करून त्याने फानिया ऑल स्टार्स हा ताफा उभा केला. २६ ऑगस्ट १९७१ ला मॅनहॅटनच्या चीता क्लबमधल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं, त्याचा चित्रपट निघाला. दोन वर्षांनी यांकी स्टेडियमवर चाळीस हजारांवर लोक जमले आणि कोंगा ढोलांची जुगलबंदी रंगात आली असता लोक थेट मैदानात घुसले. कार्यक्रम अर्ध्यावर गुंडाळावा लागला. गंमत अशी, की स्टेडियमच्या नावाने निघालेल्या रेकॉर्डींमधला बराच भाग पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये ध्वनिमुद्रित झालेला आहे! १९७४ मध्ये अली-फोरमन मुष्टियुद्धानिमित्त आफ्रिकेतल्या किन्शासा शहरात भरलेल्या महोत्सवातही हा ताफा वाजला.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस फानियाची गाडी उतरणीला लागली. मानधन आणि हक्कांवरून कलावंतांच्या तक्रारी वाढल्या. पाठोपाठ मेरेंगेने नाचाचे अड्डे काबीज केले. ते संगीत पाचेकोच्याच मायभूमीचं, डॉमिनिकन! फानियाचा खजिना पुढे हातोहात विकला जात २०१८ मध्ये कॉनकॉर्ड कंपनीकडे गेला. पाचेको फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यू जर्सीत वारला, वयाच्या ८५ व्या वर्षी.