अमेरिकी वकिलातीत उन्हाळी इंटर्नशिप: पात्रता, कागदपत्रं आणि तो लांबलचक एसएफ-८६

न्यू जर्सीत किंवा बे एरियात वाढलेली, आंतरराष्ट्रीय संबंध, अर्थशास्त्र किंवा एखादी परकी भाषा शिकणारी मराठी घरातली मुलं आता बरीच आहेत. परदेशातल्या एखाद्या अमेरिकी वकिलातीत उन्हाळ्याचे दहा आठवडे काम करायला मिळणं ही त्यांच्यासाठी फार मोलाची संधी आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची, म्हणजे स्टेट डिपार्टमेंटची विद्यार्थी इंटर्नशिप हा तिथं पोचण्याचा रस्ता. पण अर्जापेक्षा जास्त तयारी लागते ती सुरक्षा तपासणीच्या फॉर्मला, आणि ती मुलानं एकट्यानं करण्यासारखी नाही. घरच्यांनी सोबत बसावं लागतं.

आधी पात्रता. अमेरिकेचं नागरिकत्व हवंच. ग्रीन कार्ड चालत नाही. वय किमान १८. मान्यताप्राप्त कॉलेजात पदवीसाठी निदान अर्धवेळ नाव दाखल असावं आणि निकाल समाधानकारक असावा. मुलगा असेल तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसमधली, म्हणजे गरज पडल्यास लष्करभरतीसाठी सरकार ठेवतं त्या यादीतली, नोंदणी झालेली असावी. विषयाचं बंधन नाही, त्या देशाची भाषा आलीच पाहिजे असंही नाही.

भारतीय नागरिकांना हा रस्ता बंद आहे. महाराष्ट्रात शिकणाऱ्यांनी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या इंटर्नशिपकडे पाहावं. ती दिल्लीत असते, एक ते तीन महिन्यांची. २०२२ च्या धोरणानुसार उमेदवार पदवीधर हवा, इंटर्नशिपच्या वर्षी ३१ डिसेंबरला त्याचं वय २५ च्या पुढे नको, आणि महिना १०,००० रुपये मानधन मिळतं.

अमेरिकी वकिलातींतलं हे काम पूर्वी बहुतेक बिनपगारी असायचं. विमानाचं तिकीट आणि घरभाडं परवडेल त्याच घरातलं मूल जाऊ शकायचं, हे मला कधीच पटलं नव्हतं. २०२२ च्या शरद सत्रापासून खात्यानं पगारी इंटर्नशिप सुरू केली. प्रवासखर्च आणि राहण्यासाठी मदतही तेव्हा त्यात आली; तुमच्या खेपेला काय मिळतं ते जाहिरातीत पाहा.

अर्ज यूएसएजॉब्स या सरकारी संकेतस्थळावर करायचा. सुरक्षा तपासणीला कित्येक महिने लागतात, म्हणून जूनमध्ये जायचं तर आदल्या वर्षीच जाहिरातीवर नजर ठेवावी लागते. जाहिरात नीट, शेवटपर्यंत वाचा, कारण त्या खेपेच्या अटी आणि तारखा तिच्यातच असतात. रेझ्युमे, ट्रान्स्क्रिप्ट, नाव दाखल असल्याचा पुरावा आणि तुम्हाला हे काम का करायचं आहे हे सांगणारं निवेदन, एवढं जोडायचं. निवेदनात ‘मला जग पाहायचंय’ छापाची वाक्यं नकोत. वकिलातीत व्हिसा आणि नागरिकसेवा, राजकीय, आर्थिक, जनसंपर्क, व्यवस्थापन असे वेगवेगळे विभाग असतात. त्यांतल्या कुठल्या कामाला तुमचं शिक्षण उपयोगी पडेल, तेवढंच नेमकं लिहा. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकी वाणिज्य दूतावास आहे, त्यामुळे आजोळी राहून काम होईल असा मोह होतो. पण जगभरात अमेरिकेच्या अशा २७० हून अधिक कचेऱ्या आहेत. नजर एकाच शहरावर ठेवू नका.

निवड झाली की पत्र येतं, पण ते सशर्त असतं. त्यानंतर येतो एसएफ-८६, म्हणजे सुरक्षा तपासणीचा फॉर्म. छापला तर शंभराहून जास्त पानं होतात. आईवडील आणि भावंडं यांची जन्मतारीख, जन्मस्थळ, नागरिकत्व, पत्ता हे सगळं लागतं. आईवडील भारतात जन्मून नंतर अमेरिकी नागरिक झाले असतील, तर त्यांच्या नागरिकत्वाच्या कागदांचा तपशीलही द्यायचा. आजी, मावशी, आतेभाऊ यांचा रकाना वेगळा आहे: गेल्या सात वर्षांत ज्या परदेशी नागरिकांशी जिव्हाळ्याचा किंवा नियमित संपर्क आहे, असे सगळे तिथं येतात. दर रविवारी व्हॉट्सॲपवर बोलणारी सांगलीची आजी त्यात आलीच. सात वर्षांतला परदेशप्रवासही विचारतात, म्हणून जुने पासपोर्ट जपून ठेवा. मुलाच्या नावावर आजोबांनी बँकेत खातं उघडलंय का? गावच्या जमिनीत त्याचा हिस्सा लागतो का, किंवा पुढे लागणार आहे का? हे मुलांना बहुधा माहीतच नसतं. ते आईबाबांनीच आठवून सांगायचं.

ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड, हे भारताचं नागरिकत्व नव्हे. तरीही कार्ड असेल तर खुलाशाच्या जागेत त्याचा उल्लेख करावा, असं माझं मत आहे. गांजाचा प्रश्नही सरळ समजून घ्या: काही राज्यांत तो कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्यात नाही, आणि फॉर्ममध्ये गेल्या सात वर्षांबद्दल विचारलेलं असतं.

भारतात नातेवाईक आहेत एवढ्यावरून कुणी आपोआप बाद होत नाही. तपासणी करणारे माणसाचा सगळा विचार करतात. लपवलेली गोष्ट मात्र नडते, आणि फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे. ‘हे लिहिलं नाही तर बरं’ असा सल्ला कुणी प्रेमानं दिला तरी ऐकू नका.

बोटांचे ठसे, परदेशी जायचं तर वैद्यकीय तपासणी, कदाचित अमली पदार्थांची चाचणी हेही याच काळात उरकतं. नात्यातले नसलेले, तुम्हाला चांगले ओळखणारे तीन जण फॉर्ममध्ये द्यावे लागतात. त्यांना फोन येऊ शकतो हे आधी सांगून ठेवा. भरलेल्या फॉर्मची प्रत जपा, पुढे सरकारी नोकरीसाठी पुन्हा तीच माहिती लागते. आणि क्लिअरन्स, म्हणजे सुरक्षा तपासणीनंतरची मंजुरी, हातात पडेपर्यंत कॉलेजजवळची खोली सोडू नका, उन्हाळ्याचं दुसरं कामही नाकारू नका.