सत्तर किलोंचं मशीन हलकं झालं आणि अँब्युलन्सची सायकल झाली

हातांना छोटी जेट इंजिनं बांधलेला एक माणूस डोंगरउतारावरून उडत जातोय आणि खाली लिहिलंय की ब्रिटनमध्ये आता डॉक्टर उडत पेशंटकडे पोचतात, आपण कधी सुधारणार. हा व्हिडिओ फॅमिली ग्रुपांवर पुन्हा फिरायला लागलाय. व्हिडिओ खरा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रेट नॉर्थ एअर अँब्युलन्स सर्व्हिसने ग्रॅव्हिटी इंडस्ट्रीज या कंपनीला घेऊन ही चाचणी केली होती, आणि पायी २५ मिनिटं लागणारी चढण हा जेट सूट घालून ९० सेकंदांत झाली. पण चाचणी म्हणजे रोजची सेवा नव्हे, आणि त्या दिवशी उडणारा माणूस डॉक्टर नव्हता, सूट बनवणाऱ्या कंपनीचा संस्थापक रिचर्ड ब्राउनिंग होता. इंधन काही मिनिटांचंच, पाठीवर पेशंट घेता येत नाही. मग असा माणूस डोंगरावर पोचून करणार तरी काय? हा प्रश्न मात्र मला फार आवडतो, कारण ब्रिटनमधल्या झाडून सगळ्या मेडिकल गाड्यांचं उत्तर त्यात आहे.

तिकडे ९९९ हा इमर्जन्सी नंबर फिरवलं की दारात नक्की काय येईल ते आधी सांगता येत नाही. पिवळ्या-हिरव्या चौकटींची मोठी अँब्युलन्स येऊ शकते, बहुतेक वेळा फियाट डुकाटो नाहीतर मर्सिडीज स्प्रिंटरवर बांधलेली, दोन माणसांची, आणि आतलं सगळं सामान असं बसवलेलं की गुरुत्वाकर्षणाच्या दहापट झटका बसला तरी जागचं सुटता कामा नये, युरोपियन स्टँडर्डच तसं आहे. किंवा नुसती स्कोडा येते, त्यात एकटा पॅरामेडिक (डॉक्टर नव्हे, पण जागेवर उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी), मागे डिकीत बॅगा, स्ट्रेचरला जागाच नाही. किंवा मोटरसायकल. लंडनच्या वेस्ट एंडमध्ये तर सायकल येते, टॉम लिंच नावाच्या पॅरामेडिकने, जो आधी बीएमएक्स रेसिंग करायचा, २००० साली ती कल्पना चालवून दाखवली आणि नंतर हीथ्रो विमानतळाच्या टर्मिनलमध्येही पॅरामेडिक सायकलवर फिरायला लागले. कॉर्नवॉलच्या पलीकडे सिली बेटांवर अँब्युलन्स म्हणजे बोट आहे. स्कॉटलंडच्या बेटांवरून पेशंट विमानाने येतात आणि ते काही आजचं नाही, १९३३ साली आयला बेटावरच्या एका कोळ्याला अशाच छोट्या विमानाने ग्लासगोला आणलं होतं.

शिवाय ज्यांच्याकडे आपलं लक्षच जात नाही अशाही गाड्या आहेत. डायलिसिसवाल्यांना आणणारी-सोडणारी साधी व्हॅन, सायरन नाही काही नाही. इनक्युबेटर बसवलेली नवजात बाळांची गाडी. पूर, पडलेली इमारत, केमिकलची गळती अशा ठिकाणी घुसणारं धोक्याच्या जागांचं वेगळं पथक आणि त्याच्या गाड्या. लंडनमध्ये २०१८ पासून पॅरामेडिक आणि मानसिक आरोग्याची नर्स अशी जोडी एका कारमधून जाते, कारण आत्महत्येच्या विचारात असलेल्या माणसाला स्ट्रेचर नको असतं, बोलणारं माणूस हवं असतं. रात्री हॉस्पिटलांमधून रक्त आणि सॅम्पल पोचवणारे मोटरसायकलवाले आहेत, ते सगळे स्वयंसेवक, एक पैसा घेत नाहीत. घरात पडलेल्या आजी-आजोबांना उठवायला हवेची गादी येते, ती जमिनीवर सपाट सरकवायची, माणसाला वर बसवायचं आणि छोट्या कॉम्प्रेसरने फुगवत फुगवत खुर्चीच्या उंचीवर आणायचं, कुणाच्या पाठीला ताण नाही.

आता यातल्या कार, मोटरसायकल आणि सायकल या तिघी पेशंटला घेऊनच जाऊ शकत नाहीत. म्हणजे पेशंटपर्यंत पोचणं हे एक काम आणि पेशंटला नेणं हे दुसरं, आणि ही दोन कामं एकाच गाडीने करायची काही गरज नाही. हे आज सोपं वाटतं पण कित्येक वर्षं फारसा कुणी असा विचार केला नव्हता, अँब्युलन्स म्हणजे उचला आणि पळा. ते बदललं बेलफास्टमध्ये (नकाशाच्या हिशोबाने ते ब्रिटन बेटावर नाही, उत्तर आयर्लंडमध्ये आहे, पण देश एकच). तिथल्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलचे हृदयरोगतज्ज्ञ फ्रँक पँट्रिज यांच्या लक्षात आलं की हार्ट अटॅकने दगावणारे बहुतेक लोक हॉस्पिटलात येण्याआधीच जातात, तेही पहिल्या तासाभरात, त्यामुळे वॉर्डात कितीही चांगली मशीनं ठेवली तरी ती चुकीच्या जागी आहेत. १९६५ मध्ये त्यांनी कारच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणारं मशीन, बनवून घेतला. वजन सुमारे ७० किलो! तो अँब्युलन्समध्ये चढवला, १९६६ मध्ये डॉक्टर-नर्ससकट गाडी धावायला लागली, आणि १९६७ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी जॉन गेडिस यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पेपर लिहिला.

हे मशीन नक्की करतं काय, इथे जरा थांबू, कारण याच्याइतकी सुंदर गोष्ट मला वैद्यकशास्त्रात दुसरी दिसत नाही.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो, तो ठोक्याचा सिग्नल काढतो. सिग्नल मिळाला की प्रत्येक पेशी आकुंचन पावते, शेजारणीला तो पुढे देते आणि मग साधारण पाव सेकंद ती कुणाचंच ऐकत नाही. हा पाव सेकंद फार महत्त्वाचा, त्यामुळेच लाट मागे फिरू शकत नाही, पुढे पुढे जाते आणि टोकाला जाऊन विझते. पण हार्ट अटॅकमध्ये एखाद्या भागाला रक्त मिळेनासं झालं की तिथून लाट रखडत जाते, वळसा घालून परत येईपर्यंत मागच्या पेशींचा पाव सेकंद संपलेला असतो, त्या पुन्हा पेटतात, लाट पुन्हा फिरते, फुटते, एकीच्या चार होतात. दिंडीत शंभर टाळकरी आहेत आणि प्रत्येकाने आपापला ठेका धरलाय असं समजा, आवाज प्रचंड पण अभंग नाही. तसंच हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही, आणि दहा-पंधरा सेकंदांत माणूस कोसळतो. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात.

यावर उपाय असा की सगळ्यांना एकदम गप्प करायचं. छातीतून इतका करंट सोडायचा की हृदयातल्या जवळपास सगळ्या पेशी एकाच क्षणी पेटतील, म्हणजे सगळ्यांचा न ऐकण्याचा काळ एकदमच सुरू होईल आणि भटक्या लाटांना पुढे जायला जागाच उरणार नाही. त्या शांततेत सायनस नोड, जमलं तर, पुन्हा पहिला ठोका देतो. म्हणजे शॉक हृदय चालू करत नाही, क्षणभर थांबवतो. सिनेमात मॉनिटरवर सरळ रेघ आली की डॉक्टर धावत येऊन शॉक देतात ते साफ चूक आहे, सरळ रेघेत थांबवण्यासारखं काही नसतंच, तिथे छाती दाबत राहणं आणि औषधं एवढंच हातात असतं.

आता गणित बघा. शॉकची वीज साठते कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून एकदम सोडणाऱ्या भागात. त्यातली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले कपॅसिटन्स (साठवण्याची क्षमता) गुणिले व्होल्टेजचा वर्ग. १०० मायक्रोफॅरड आणि २००० व्होल्ट धरले तर २०० ज्यूल होतात. छातीचा रोध साधारण ७५ ओहम धरा, म्हणजे सुरुवातीचा करंट २६-२७ अँपिअर, आणि रोध गुणिले कपॅसिटन्स केलं की ७.५ मिलिसेकंद, एवढ्यात बराचसा खेळ संपतो. १९५० च्या दशकात हा शॉक घरच्या वायरिंगसारख्या एसी करंटवर द्यायचे, त्याला अवजड ट्रान्सफॉर्मर आणि भिंतीतला प्लग लागायचा, त्यामुळे मशीन हॉस्पिटलबाहेर जाणं शक्यच नव्हतं. १९६२ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड लाऊन यांनी कपॅसिटरमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा, शॉक देण्याची पद्धत मांडली, तिथे प्लग सुटला, बॅटरीने कपॅसिटर भरायचा आणि एकदम रिकामा करायचा. पण तो शॉक एका झटक्यात पडला तर हृदयाला इजा करतो म्हणून तो ताणायला मधे तांब्याच्या तारेची कॉइल घालावी लागायची आणि ती जड, कपॅसिटरही जड. पँट्रिज यांनी १९६८ पर्यंत वजन तीन किलोंवर आणलं ते नासासाठी बनवलेला छोटा कपॅसिटर वापरून. पुढे बायफेजिक शॉक आला, म्हणजे करंट अर्ध्या वाटेवर उलटा फिरवायचा, त्यात ३६० ज्यूलचं काम १५०-२०० ज्यूलमध्ये होतं, कॉइल गेली, कपॅसिटर आणखी लहान झाला. आजचं मशीन दीड-दोन किलोंचं असतं आणि ईसीजी स्वतःच वाचून शॉक द्यायचा की नाही ते ठरवतं.

एवढं कळलं की सायकलचं कोडं सुटतं. ७० किलोंचं मशीन न्यायला व्हॅनच लागते, दोन किलोंचं कॅरियरच्या बॅगेत जातं. आणि घाई का, तर छाती दाबणारं कुणी नसेल तर शॉकला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराला वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते, कारण थरथरणाऱ्या पेशी उरलंसुरलं इंधन जाळत असतात आणि ते संपलं की थरथरही संपते आणि सरळ रेघ उरते. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या गर्दीत सायकल आधी पोचते, बस्स. आपल्याकडे मुंबईत १०८ सेवेने २०१७ मध्ये मोटरसायकल अँब्युलन्स काढल्या त्याही याच विचाराने, आणि तो विचार अगदी बरोबर आहे.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगायचीय. एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका म्हणजे हृदय चालू राहतं, असा एक फॉरवर्ड मराठीत वर्षानुवर्षं फिरतोय. कृपा करून तो पुढे पाठवू नका. हार्ट अटॅक म्हणजे रक्तवाहिनी तुंबते, हृदय बहुतेक वेळा चालूच असतं, तिथे खोकून काही होत नाही. आणि हृदय खरंच बंद पडलं तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते, खोकणार कोण? ही गोष्ट आली कुठून तर अँजिओग्राफीच्या खोलीत, पेशंट मॉनिटरवर असताना, डॉक्टर समोर उभे असताना क्वचित खोकायला सांगतात तिथून. घरी एकट्याने तो वेळ फोन करण्यात घालवायचा.

हेलिकॉप्टरबद्दलही असाच गैरसमज आहे की ते पेशंटला उचलून नेतं. लंडनच्या एअर अँब्युलन्सने, जी १९८९ पासून आहे आणि मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते, सीनियर डॉक्टर आणि पॅरामेडिकला जागेवर नेऊन सोडायचं, २०१२ पासून सोबत रक्तही असतं, गरज पडली तर रस्त्यावरच छाती उघडून ऑपरेशन करायचं, आणि मग बहुतेक पेशंट साध्या अँब्युलन्समधूनच हॉस्पिटलात जातात, डॉक्टर त्यांच्याबरोबर बसतो. रात्री हीच टीम कारने जाते.

पण या प्रकाराचा अतिरेकही झाला आणि तो लपवायचं कारण नाही. इंग्लंडमध्ये २०१७ पर्यंत नियम होता की सगळ्यात गंभीर कॉलपैकी ७५ टक्के ठिकाणी ८ मिनिटांत कुणीतरी पोचलं पाहिजे. कार किंवा मोटरसायकल पोचली की घड्याळ थांबायचं, मग स्ट्रोकचा पेशंट मोठ्या गाडीची वाट बघत पडला तरी आकडा हिरवाच. स्ट्रोकला मेंदूचं स्कॅन लागतं, ते काही सायकलवर येत नाही. २०१७ मध्ये कॉलचे चार वर्ग केले, पहिल्या वर्गाला सरासरी ७ मिनिटं, दुसऱ्याला १८, आणि नेण्याची गरज असलेल्या दुसऱ्या वर्गाच्या पेशंटचं घड्याळ नेणारी गाडी आल्यावरच थांबायला लागलं. मला हा बदल कुठल्याही जेट सूटपेक्षा मोठा वाटतो. तरी डिसेंबर २०२२ मध्ये या दुसऱ्या वर्गाची सरासरी दीड तासाच्या वर गेली, कारण हॉस्पिटलांच्या दारात अँब्युलन्सच्या रांगा, आत बेड नाही म्हणून पेशंट गाडीतच, आणि गाडी अडकली की पुढचा कॉल अडकला. त्यावर गाडीचा नवा प्रकार हा इलाज नाही, तिथे बेड आणि माणसंच लागतात.

बाकी पँट्रिज यांचा धागा अजून पुढे गेलाय. ब्रिटनमधल्या सगळ्या पुढच्या फळीच्या अँब्युलन्समध्ये डिफिब्रिलेटर यायला १९९० उजाडलं, पण त्यानंतर मशीन इतकं सोपं झालं की गाडीचीही गरज उरली नाही. गावोगावच्या वापरात नसलेल्या लाल टेलिफोन बॉक्समध्ये, दुकानाच्या नाहीतर शाळेच्या भिंतीवर ते पेटीत लावलेलं असतं, काही पेट्यांना कुलूप असतं आणि ९९९ चा ऑपरेटर फोनवर त्याचा कोड सांगतो. नातेवाईक तिकडे असतील तर त्यांना एवढं विचारा की सोसायटीत किंवा मंदिरात अशी पेटी आहे का, आणि असली तर द सर्किट या राष्ट्रीय यादीत तिची नोंद केलीय का, कारण नोंद नसलेली पेटी ऑपरेटरच्या स्क्रीनवर दिसतच नाही.