बेरीज 360 आली, तरी खोली वाकडी

चौकोनाच्या आंतरकोनांची बेरीज 360 अंश असते हे पाठ असतं, पण हा आकडा मुळात त्रिकोणावरून येतो. तिथूनच सुरुवात करू.

अबक हा त्रिकोण काढा. अ मधून बक या पायाला समांतर रेषा ओढा. आता अ पाशी तीन कोन शेजारी शेजारी बसलेत: मधला त्रिकोणाचा स्वतःचा, एका बाजूचा ब एवढा, दुसऱ्या बाजूचा क एवढा (व्युत्क्रम कोन, म्हणजे समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या विरुद्ध बाजूंना आतल्या अंगाला होणारे सारखे कोन). तिघे मिळून सरळ रेषा भरते, म्हणजे 180. कागदाचे तीन कोपरे फाडून जुळवायचा प्रयोग मजेचा खरा, पण बेरीज 179 असती तरी डोळ्यांना ती सरळच दिसली असती. म्हणून समांतर रेषा हवी.

चौकोनात एक कर्ण काढला की दोन त्रिकोण, दोनदा 180. दोन्ही कर्ण काढले तर चार त्रिकोण होतात आणि उत्तर 720 येतं. इथे बरेच जण अडकतात. कर्ण छेदतात तिथले चार कोन चौकोनाचे नाहीतच. त्यांचे 360 वजा करायचे.

मोजताना बेरीज चुकली, तर किती चुकली ते आधी बघा. त्रिकोणाची बेरीज 220 आली? कोनमापकावर आकड्यांच्या दोन रांगा असतात, त्यातली चुकीची वाचली गेली असणार. जास्तीचे 40 हे 180 मधून काढा, उरलेल्याचं निम्मं करा: 70. जिथे 110 लिहिलंय तो कोन 70 चा. दोन-तीन अंशांचा फरक मात्र वेगळा. तिथे कोनमापकाचा मध्य शिरोबिंदूवर नीट बसलेला नसतो किंवा बाजू आखूड असतात. पट्टीने बाजू वाढवून घ्या.

बाणाच्या टोकासारखा, आत खचलेला चौकोन जास्त फसवतो. समजा कोन 30, 20, 40 आणि खाचेतला 270. अर्धवर्तुळाकार कोनमापक खाचेपाशी 90 दाखवतो, तो बाहेरचा कोन. बेरीज भरते 180, आणि ती त्रिकोणाची असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही! अशा आकृतीत कर्णही खाचेच्या शिरोबिंदूतूनच काढायचा. दुसरा आकृतीबाहेर जातो.

आता गवंडीकामाकडे. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण पक्का होतो. चौकोनाचं तसं नाही. 3 मीटर बाय 4 मीटर खोलीची आखणी एकाच अंशाने कलली, तर कोन 89, 91, 89, 91 होतात. बेरीज 360 च, बाजूंची मापंही बरोबर. टेपला काही कळत नाही, आणि हातभर लांबीचा गुण्या लावून एक अंश पकडणंही कठीण. पण कर्ण मोजा: दोन्ही 5 मीटर असायला हवेत, त्याऐवजी एक साधारण 4.96 आणि दुसरा 5.04 भरतो. आठ सेंटीमीटरचा फरक! फरशी बसवताना भिंतीकडेला पाचरीसारखे तुकडे कापावे लागतात, ते यामुळेच.

मात्र नुसते कर्ण सारखे आले म्हणून खुंट्या पक्क्या करू नका. समद्विभुज समलंब चौकोनाचेही (दोन बाजू समांतर पण लहान-मोठ्या, उरलेल्या दोन सारख्या) कर्ण सारखेच असतात. आधी समोरासमोरच्या बाजू जुळवा, मग कर्ण.