एकटेपणाची भूक

अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याविषयी देशाला सल्ला देणारे प्रमुख अधिकारी, डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये एकटेपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे अधिकृतपणे जाहीर केले, तेव्हा आपणही त्यातून गेलो असल्याचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मला ही कबुली त्या घोषणेइतकीच महत्त्वाची वाटते.

एकांत माणूस स्वतः निवडतो. एकटेपणात मात्र हवी असलेली आणि प्रत्यक्ष लाभलेली जवळीक यांतली तफावत बोचत राहते, मग भोवती घर भरलेले का असेना. शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी या वेदनेला भूक-तहानेच्या पंक्तीत बसवले होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथील प्रयोगात ४० जणांना एकदा दहा तास एकटे आणि एकदा दहा तास उपाशी ठेवण्यात आले. उपाशीपोटी अन्नाची चित्रे पाहून मध्यमेंदूचा जो भाग उद्दीपित झाला, तोच एकटेपणानंतर माणसांच्या घोळक्याची चित्रे पाहून उद्दीपित झाला.

पण भुकेला माणूस अन्नाला भीत नाही. दीर्घकाळ एकटा पडलेला माणूस मात्र माणसांना भिऊ लागतो. त्याचे मन नकाराच्या खुणा शोधत राहते, न उचललेल्या फोनमागे त्याला नावड दिसते आणि दुखावले जाण्याआधीच तो मागे सरतो. म्हणूनच ‘लोकांत मिसळत जा’ हा सल्ला अपुरा पडतो. निरनिराळ्या उपायांच्या २०११ मधील एकत्रित विश्लेषणात, नुसत्या भेटीगाठी वाढवण्यापेक्षा मनातले असे समज तपासायला शिकवणारे उपचार अधिक परिणामकारक ठरले होते. ‘मला एकटे वाटते’ हे विश्वासातल्या माणसाला सांगणे ही अशा तपासणीची सुरुवात ठरू शकते, कारण समोरून तिरस्कारच येईल ही धास्ती तिथे प्रत्यक्षाशी ताडून पाहता येते.

अर्थात, ऐकणारे कोणी नसेल तर मोकळे व्हायचे कोणापाशी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सहा जणांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो, तेव्हा हा भार व्यक्तीच्या धैर्यावर सोपवून चालणार नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये या विषयाची जबाबदारी एका मंत्र्याकडे दिली, जपानमध्ये २०२४ पासून स्वतंत्र कायदा लागू आहे. इंग्लंडमध्ये डॉक्टर अशा रुग्णाला औषधाऐवजी किंवा औषधासोबत एका जोडणी-कार्यकर्त्याकडे पाठवू शकतात. तो रुग्णाची आवड विचारून त्याला गायनाच्या, बागकामाच्या किंवा चालण्याच्या गटाशी जोडून देतो आणि पाऊल अडखळत असेल तर प्रसंगी पहिल्या दिवशी स्वतः सोबत जातो.