एका भेदऱ्याच्या अकरा तऱ्हा

मागच्या सप्टेंबरात कॉटन मार्केटातून आणलेल्या भेदऱ्यांतलं, म्हणजे टोमॅटोंतलं, एक फारच पिकलं होतं. आईने ते फेकू दिलं नाही. बिया राखेत चोळून वाळवल्या आणि गच्चीवरच्या कुंड्यांत टाकल्या. अकरा रोपं जगली. फळ एक, माती तीच, पाणी तेच. तरी डिसेंबरात नऊ रोपं काठीवर चढत सुटलेली आणि दोन गुडघ्याएवढी होऊन थांबलेली. "बियाणं बिघडलं," आई म्हणाली.

बिघडलं काहीच नव्हतं. बाजारातलं भेदरं बहुधा संकरित असतं. एका वाणाच्या कळीतले पुंकेसर ती उमलण्याआधीच चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, की पहिली पिढी अगदी सारखी निघते. पण पुढे हे झाड स्वतःच्याच परागावर फळतं, कारण याच्या फुलात पुंकेसरांची नळी स्त्रीकेसराला वेढूनच असते. मग आजी-आजोबांचे झाकलेले गुण नातवंडांत उघडे पडतात. ठेंगणेपणा जनुकाच्या दोन्ही प्रती तशा मिळाल्या तरच दिसतो, म्हणजे सरासरी चारांत एकाला. अकरांत दोन हे हिशेबाला धरूनच झालं.

मला मात्र जास्त गुंतवलं ते हिरव्या खांद्याने. आठ रोपांच्या कच्च्या फळांना देठाशी गर्द हिरवा पट्टा होता, तिघांची फळं सगळीकडून फिक्कट. हा पट्टा म्हणजे फळाने स्वतःसाठी उघडलेलं स्वयंपाकघर: तिथे हरितलवकं दाट असतात आणि उन्हातून साखर तयार होते. हे घडवणारं जनुक 2012 मध्ये सापडलं. त्यात डीएनएच्या एका अक्षराची भर पडली की ते निकामी होतं, आणि फळ एकसारखं पिकतं. दिसायला देखणं, तोडणीला सोयीचं, म्हणून पैदासकारांनी अनेक दशकं हेच निवडलं. साखर थोडी कमी झाली ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही. सगळी चव या एका जनुकावर टाकणं चूक ठरेल, आंबटपणा आणि वास यांची जनुकं वेगळी आहेत. पण हे नुकसान टाळता आलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

आईने खांदेवाल्या एका वेलीला लाल दोरा बांधलाय. तिच्या भेदऱ्यांची सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालून केलेली चटणी घरात सगळ्यांना आवडली. तिच्याच बिया धरत गेलं, तर दर पिढीला मिसळ निम्म्याने घटते. सहा-सात हंगामांत वाण बऱ्यापैकी स्थिर व्हावा. आमच्या उन्हाळ्यात फुलं गळून जातात, म्हणून बिया पुडीत बांधून ठेवल्यात. पाऊस ओसरला की पेरू.