कृत्रिम नेत्रभिंग

कृत्रिम नेत्रभिंग : मोतीबिंदूने गढूळ झालेले डोळ्यातले नैसर्गिक भिंग काढल्यावर त्याच्या जागी कायमचे बसवले जाणारे पारदर्शक भिंग. त्याचा मधला, दृष्टीच्या कामाचा भाग सुमारे 6 मिलिमीटर व्यासाचा असतो. दोन बाजूंना निघालेले बारीक, लवचिक बाहू धरून एकूण लांबी 12 ते 13 मिलिमीटर भरते. हे बाहू मूळ भिंगाच्या पातळ पिशवीत टेकतात आणि भिंग मध्यावर धरून ठेवतात. एकदा बसवलेले भिंग सहसा आयुष्यभर बदलावे लागत नाही.

डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे काम दोघांत वाटलेले आहे. सुमारे दोन तृतीयांश काम डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल करते आणि उरलेले आतले मसुराच्या दाण्यासारखे फुगीर भिंग करते. वयाबरोबर या भिंगातली प्रथिने बदलतात, भिंग पिवळट व धूसर होते आणि समोरचे सगळे धुक्यात गेल्यासारखे दिसते. भिंग काढले की धुके जाते, पण प्रकाश दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाशग्राही पडद्यावर, नीट एकवटत नाही. म्हणून पूर्वी शस्त्रक्रियेनंतर अधिक 10 च्या आसपास नंबरचा जाड चष्मा देत. या चष्म्यातून प्रत्येक वस्तू पाव पटीने मोठी दिसे. काचेच्या कडेजवळचा एक पट्टा दिसतच नसे, त्यामुळे बाजूने येणारे माणूस एकदम पुढ्यात उभे राही. जिन्याच्या पायरीचा अंदाज चुके, कपात चहा ओतताना धार बाहेर जाई. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर दोन डोळ्यांतल्या लहानमोठ्या प्रतिमा मेंदूला जुळवता येत नसत. असा चष्मा फुटला किंवा हरवला की दृष्टी आलेला माणूस पुन्हा आंधळ्यासारखाच होई, आणि खेडोपाडी असे कितीतरी वृद्ध होते. मोतीबिंदू काढण्याची विद्या फार जुनी आहे. काढलेले भिंग परत देण्याची विद्या मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावरची.

जुन्या विद्येचा सर्वांत प्रसिद्ध दाखला सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. त्या पद्धतीत टोकदार शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत घालून प्रकाशाच्या वाटेतला अडथळा दूर करत. पुढे अनेक देशांत फिरते वैद्य शलाकेने गढूळ भिंगच मागे ढकलून देत. भिंग डोळ्यातच राही. काहींना लगेच दिसू लागे, अनेकांचा डोळा नंतर सुजून कायमचा जाई. फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल यांनी 1747 मध्ये डोळ्याला छेद देऊन भिंगातला गढूळ भाग बाहेर काढला, आणि आजच्या पद्धतीची वाट तिथून सुरू होते. तरी 1884 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवेपर्यंत ही शस्त्रक्रिया बहुतेकदा जागेपणी, वेदना सोसतच करून घ्यावी लागे. पुढच्या काळात पंजाबातल्या जालंधर येथे हेन्री स्मिथ यांनी भिंग पिशवीसकट बाहेर काढण्याच्या पद्धतीने हजारो शस्त्रक्रिया केल्या. ती पद्धत शिकायला परदेशी शल्यविशारद जालंधरला येत.

भिंग पिशवीसकट काढायचे तर मोतीबिंदू चांगला तयार झालेला असलेला बरा. ‘अजून पिकला नाही, पिकल्यावर या’ हा सल्ला त्या काळातला आहे आणि तो घराघरांत इतका रुजला आहे की आजही माणसे डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन-तीन वर्षे थांबतात. आता थांबण्याचे कारण उरलेले नाही. मोतीबिंदू जितका जून, तितका तो कठीण होतो आणि काढताना डोळ्याला त्रास जास्त. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रियेची वेळ आली असे समजावे.

कृत्रिम भिंगाचे श्रेय लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरल्ड रिडली (1906–2001) यांचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या छताच्या कपच्या शिरत. त्यांपैकी गॉर्डन क्लीव्हर यांचे हरिकेन विमान 15 ऑगस्ट 1940 रोजी गोळ्यांनी फुटले. त्यांचा एक डोळा गेला, दुसऱ्यात पर्स्पेक्स या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कपच्या अडकून राहिल्या. डोळ्यात परकी वस्तू राहिली तर दाह होणार अशी सर्वांची समजूत होती. या कपच्यांभोवती मात्र डोळा शांत असल्याचे रिडली यांनी पाहिले. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवत नाहीत असे विचारले, आणि रिडली यांच्या मनात आधीपासून घोळत असलेल्या विचाराने उचल खाल्ली. त्यांनी रेनर या चष्म्याच्या भिंगांच्या कंपनीकडून शुद्ध पर्स्पेक्सचे भिंग करून घेतले. 29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट टॉमस रुग्णालयात 45 वर्षांच्या एका स्त्रीच्या डोळ्यात ते प्रथम ठेवले गेले. कायमचे बसवणे फेब्रुवारी 1950 मध्ये झाले.

भिंग डोळ्याने स्वीकारले, पण नंबर साफ चुकला. नैसर्गिक भिंगाच्या गोलाईची नक्कल केली होती. पर्स्पेक्स मात्र प्रकाश त्याहून जास्त वळवतो. रुग्णाला सुमारे उणे 18 नंबरचा दोष आला. पुढची भिंगे सुधारली, तरी अडचणी संपल्या नाहीत. भिंग शंभर मिलिग्रॅमहून जड होते, त्यामुळे ते कधीकधी जागेवरून सुटून मागे पडे. निर्जंतुक करण्यासाठी वापरलेल्या रसायनाचा अंश भिंगावर राहून डोळा लाल होई. काहींना काचबिंदू झाला. रिडली यांनी 1951 मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत हे काम मांडले, तेव्हा स्वागतापेक्षा विरोधच जास्त झाला. ब्रिटिश नेत्रवैद्यकातले सर्वांत वजनदार नाव, सर स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर, विरोधात होते. डोळ्यातून वस्तू काढणे हे आपले काम असताना आत घालायची कशाला, हा आक्षेप होता. तो अगदी निराधार नव्हता. पन्नाशीच्या दशकात इतरांनी बुबुळाच्या, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या, पुढे बसवायची भिंगे काढली, तेव्हा ती पारपटलाला घासून कितीतरी डोळे निकामी झाले. रिडली यांची मूळ जागाच, म्हणजे बुबुळाच्या मागची, योग्य होती. 1977 मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन शिअरिंग यांनी लवचिक बाहूंचे हलके भिंग तिथे बसवले आणि प्रश्न बराचसा सुटला. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची मान्यता 1981 मध्ये मिळाली. रिडली यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व 1986 मध्ये आणि ‘सर’ किताब 2000 मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, मिळाला. क्लीव्हर यांच्या उरलेल्या डोळ्यात 1987 मध्ये मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवण्यात आले.

भिंग बसवण्याइतकीच महत्त्वाची क्रांती छेदाच्या आकारात झाली. भिंग अखंड बाहेर काढायला 10–12 मिलिमीटरचा छेद, टाके आणि पुढे कित्येक दिवसांची विश्रांती लागे. न्यूयॉर्कचे नेत्रशल्यविशारद चार्ल्स केलमन दंतवैद्याच्या खुर्चीत बसले असताना दात साफ करणारे, स्वनातीत लहरींवर चालणारे उपकरण त्यांनी पाहिले. त्यावरून 1967 च्या सुमारास त्यांनी ‘फेको’ पद्धत आणली. यात सेकंदाला सुमारे चाळीस हजार वेळा कंप पावणारी पोकळ सुई 2 ते 3 मिलिमीटरच्या छेदातून आत जाते, गढूळ भिंगाचे तुकडे करते आणि ते शोषून घेते. त्याआधी शल्यविशारद पिशवीच्या पुढच्या भागात चिमट्याने सुमारे 5 मिलिमीटरचे गोल तोंड उघडतो. या पिशवीचा मागचा पडदा केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो, आणि तो न फाटता हे सारे करायचे हेच खरे कौशल्य. मग गुंडाळलेले मऊ भिंग नळीतून आत सोडतात. ते काही क्षणांत हळूहळू उलगडते. छेद इतका लहान की टाका बहुधा लागत नाही.

या शस्त्रक्रियेला अनेक जण ‘लेझरचे ऑपरेशन’ म्हणतात, पण फेकोत लेझर नसतो. लेझरने छेद देणारी यंत्रे अलीकडची आहेत आणि बरीच महाग. लेझरची गाठ बहुतेकांना वेगळ्या कारणाने पडते : काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पिशवीचा मागचा पडदा धूसर होतो, त्याला याग लेझरने काही मिनिटांत भोक पाडतात. मोतीबिंदू परत येत नाही.

भिंगाचा नंबर ठरवण्यासाठी डोळ्याची लांबी आणि पारपटलाची गोलाई मोजतात. निरोगी डोळा सुमारे 24 मिलिमीटर लांब असतो. मोजणीत एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो. म्हणून शस्त्रक्रियेआधीची ही तपासणी घाईत उरकण्याची नव्हे.

भारतात हे तंत्र गोरगरिबांपर्यंत पोचले ते भिंग स्वस्त झाल्यामुळे. ऐंशीच्या दशकात आयात भिंग इतके महाग होते की शिबिरांत भिंगाविना शस्त्रक्रिया करून जाड चष्माच हाती ठेवत. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये मदुराई येथे अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. त्याच संस्थेच्या ऑरोलॅबने 1992 मध्ये भिंगे बनवायला घेतली आणि किंमत आयात भिंगाच्या जवळपास दशांशावर आणली. नेपाळच्या संदुक रुईत यांनी टाक्याविना लहान छेदाची, फेकोयंत्राशिवाय करता येणारी पद्धत परिपूर्ण केली. दुर्गम भागांतली मोठी कामे तिच्यावर चालतात. महागड्या यंत्राइतकाच मान या पद्धतीला मिळायला हवा, कारण जून, कठीण मोतीबिंदूत ती अनेकदा अधिक सुरक्षित ठरते.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 मध्ये सुरू झाला. 1994 पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला, त्यात महाराष्ट्र होता. शाळेच्या वर्गखोल्यांत आणि मंडपांत होणाऱ्या शस्त्रक्रिया जंतुसंसर्गाच्या भीतीने मागे पडल्या. शिबिरात तपासणी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, अशी पद्धत रूढ झाली. डॉ. तात्याराव लहाने यांचे जे. जे. रुग्णालयातले आणि आनंदवनातल्या कुष्ठरुग्णांमधले काम महाराष्ट्राला परिचित आहे. तरीही 2015–19 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वाचे सुमारे 66 टक्के कारण मोतीबिंदूच आढळले.

आज भिंगांचे प्रकार बरेच आहेत. एककेंद्री भिंगाने लांबचे स्पष्ट दिसते, वाचायला चष्मा लागतो. टोरिक भिंग पारपटलाच्या असमान गोलाईचा दोष भरून काढते. बहुकेंद्री भिंगाने चष्मा बराच टळतो, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. रात्री वाहन चालवणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे. महाग भिंग म्हणजे अधिक चांगली दृष्टी, हे समीकरण खरे नाही. ज्याचे दृष्टिपटल निरोगी आहे, त्याला साधे एककेंद्री भिंगही उत्तम दृष्टी देते. जवळ-दूर पाहताना तरुण डोळ्यातले भिंग आपला आकार बदलते. ते पूर्णपणे साधणारे कृत्रिम भिंग अजून झालेले नाही. लहान मुलांत अडचण आणखी वेगळी आहे. त्यांचा डोळा वाढत असतो, म्हणून आज बरोबर असलेला भिंगाचा नंबर पाच वर्षांनी चुकीचा ठरतो आणि डॉक्टर मुद्दाम थोडा कमी नंबर निवडून उरलेला फरक चष्म्याने भरून काढतात.