कफन नसलेलं कफनाचं चॅपेल

तोरिनोला, म्हणजे ट्युरिनला, जाणाऱ्यांचा एका नावामुळे हमखास घोळ होतो. राजघराण्याच्या संग्रहालयाचं तिकीट काढायचं, राजवाड्याची दालनं ओलांडत सिंदोने चॅपेल गाठायचं आणि तिथे येशूचं मानलं जाणारं कफन शोधत राहायचं. ‘सिंदोने’ म्हणजे तेच कफन. पण ते इथे नाही, भिंतीपलीकडच्या कॅथेड्रलमध्ये बंद पेटीत आहे. चॅपेल राजवाड्याबरोबर सरकारकडे आलं. कफन मात्र राजघराण्याकडेच राहिलं आणि इटलीच्या शेवटच्या राजाच्या मृत्युपत्राने १९८३ मध्ये पोपकडे गेलं.

कफन तोरिनोत आलं १५७८ मध्ये. त्यासाठी राजवाडा आणि कॅथेड्रल यांच्या मधोमध चॅपेल बांधायचं ठरलं, आराखडे बदलत गेले आणि १६६० च्या दशकाच्या अखेरीस काम ग्वारिनो ग्वारिनीच्या हाती आलं. ग्वारिनी थिएटाइन संघाचा धर्मगुरू आणि गणिती. जुन्या गोव्यातलं सेंट कॅजेटन चर्च बांधणारे याच संघाचे. तो १६८३ मध्ये गेला. कफन चॅपेलमध्ये ठेवलं गेलं १६९४ मध्ये.

घुमटाखाली मान वर करून उभं राहिलं की त्याचं गणित दिसतं. सहा-सहा कमानींचे सहा थर एकावर एक, वर जाताना लहान होत गेलेले. वरच्या कमानीचा पाय खालच्या कमानीच्या माथ्यावर. मधल्या खिडक्यांतून उजेड झिरपतो. खाली काळा दगड, वर करडा, त्यामुळे घुमट आहे त्याहून उंच भासतो.

११ एप्रिल १९९७ च्या रात्री हे सगळं पेटलं. दुरुस्तीसाठी चॅपेलला परांची बांधलेली होती. त्याच कामामुळे कफन १९९३ मध्येच कॅथेड्रलच्या मुख्य वेदीमागे हलवलं होतं. अग्निशामक जवानांनी घणाने जाड काच फोडून ते बाहेर काढलं. घुमट उभा राहिला, पण आगीने तापलेला संगमरवर तडकला, त्याचे कपचे उडाले.

खरा वाद त्यानंतरचा. व्हेनिसचा घंटामनोरा १९०२ मध्ये कोसळला तेव्हा ‘जसा होता तसा, जिथे होता तिथे’ ही घोषणा गाजली होती. १९९६ मध्ये जळालेल्या तिथल्याच ऑपेरागृहासाठीही तीच पुन्हा ऐकू आली. उलट, नवी भर जुन्यात मिसळून फसवू नये, ती ओळखू यावी, हा विचारही इटलीतच रुजलेला. इथे दोन्ही बाजू अडल्या, कारण वास्तू पडलेलीच नव्हती. ती उभी होती, फक्त स्वतःचा भार पेलण्याइतकी भक्कम उरली नव्हती. दगड नुसते दर्शनी ठेवून भार दुसऱ्या सांगाड्यावर टाकायचा, की दगडालाच पुन्हा भार पेलायला लावायचा?

दुसरा मार्ग निवडला गेला, आणि माझ्या मते तोच योग्य होता. ग्वारिनीच्या कमानी शोभेच्या नाहीत. त्यांच्यावरचा भार काढून घेतला की उरतो तो देखावा. निर्णय महागात पडला. तसाच दगड हवा म्हणून फ्राबोसाची जुनी खाण पुन्हा उघडावी लागली. चौदाशेहून अधिक दगड बदलले, हजारो जागच्या जागी सांधले. चॅपेल उघडायला सप्टेंबर २०१८ उजाडलं, तब्बल एकवीस वर्षांनी. वेदीचं काम त्यानंतरही चालूच होतं.

या सगळ्यात एका गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ग्वारिनीने भाविकांसाठी कॅथेड्रलमधून वर येणारे दोन जिने आखले होते, काळ्या दगडाचे, अंधारे. ते चढून एकदम त्या उजेडाखाली यायचं. राजवाड्याकडचं दार राजघराण्याचं. आज तिकीट घेतलेला माणूस त्या राजाच्या दाराने, झगमगत्या दालनांतून आत येतो.